चांद दिसल्याचा दाखला तीन दिवस आधी जोडावा

कॉलेजच्या वेळापत्रक समितीवर तुमची वर्णी लागली, अभिनंदन. खान्देशात लागली असेल तर दुप्पट अभिनंदन. इथे एकाच बाकावर लेवा, गुजर, भिल्ल, पावरा, तडवी, बौद्ध, जैन आणि नवापूरकडचे ख्रिस्ती अशी पोरं दाटीवाटीने बसतात, आणि प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी घरी जायची खोड असते. ती मोडणं हेच तुमचं काम.

आधीच सांगतो, मी तासिका तत्त्वावरचा माणूस. सुट्टी पडली की तास बुडतो, तास बुडला की पैसे बुडतात. तेव्हा सुट्ट्यांची वकिली करण्यात माझा काडीचा फायदा नाही. फक्त गेल्या महिन्यात इंटर्नलच्या, म्हणजे कॉलेजच्याच अंतर्गत परीक्षेच्या, सुपरव्हिजनला बसून मी एकेका नावापुढे लाल शाईने ‘गैरहजर’ लिहीत होतो, तेव्हा जे शिकलो ते तुम्हाला देऊन टाकतो.

पहिलं म्हणजे, सुट्टी सरकारी यादीत छापली असेल त्याच तारखेला. चंद्राने काय करायचं ते चंद्राने बघावं. आमच्या एस.वाय.च्या एका मुलीने आधीच विचारलं होतं, “सर, ईद एक दिवस पुढे गेली तर?” विभागप्रमुख म्हणाले, “चांद दिसल्याचा दाखला आण. अर्जासोबत जोड. अर्ज तीन दिवस आधी.” आमचा शिपाई तिथेच फायली लावत होता. तो पुटपुटला, “चांद काय हापिसले इचारीसन निंघस का?” त्याला कुणी समितीवर घेत नाही.

चांद पुढे गेलाच. ईदच्या सकाळी आठ वाजता इंटर्नल झाली.

१४ एप्रिलची सुट्टी द्यावीच लागते. हरकत नाही, १५ला सकाळी आठचं प्रॅक्टिकल लावा.

गुड फ्रायडेला सुट्टी दिली आहे ना? मग ईस्टरच्या रविवारी जादा तास घ्या.

पर्युषणात उपवास करणाऱ्या पोरीला क्रीडास्पर्धेत पळवा. चक्कर आली तर नाव कळवा.

आखाजीला मात्र हात लावू नका. सरकारच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत अक्षय तृतीया नाही, तरीही आमच्याकडे त्या दिवशी पेपर पडल्याचं मला आठवत नाही. कसा पडेल? साहेबांच्या बहिणी माहेरी आलेल्या असतात, अंगणात झोका बांधलेला असतो, खापरावरच्या पोळ्या आणि आमरस असतो. त्याला अर्ज लागत नाही, दाखला लागत नाही, ते सगळ्यांना आपोआप कळतं. गंमत बघा, २०२२मध्ये ३ मेला आणि २०२३मध्ये २२ एप्रिलला आखाजी आणि रमजान ईद एकाच दिवशी आली. येणारच, दोन्ही चंद्रावरच चालतात. शुद्ध तृतीया आणि शव्वालची पहिली तारीख, म्हणजे ईद, अशी जवळजवळच असते. फक्त आपण अधिक महिना घालून गाडी रुळावर आणतो आणि हिजरी वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकत जातं. २०२३च्या श्रावणात अधिक आला आणि पुढच्या वर्षी दोघींची ताटातूट झाली. म्हणजे चंद्र तोच. साहेबांच्या घरावर उगवला तर सण, दुसऱ्याच्या घरावर उगवला तर ‘अपरिहार्य कारणाशिवाय गैरहजेरी’.

आता होळी. ही जरा अवघड आहे, कारण सातपुड्यातली होळी तुमच्या छापील चौकटीत मावत नाही. आधी भोंगऱ्या बाजार भरतो, होळीच्या खरेदीचा. मग एका गावची होळी आज, दुसऱ्याची उद्या, म्हणजे सगळ्यांना सगळीकडे जाता यावं. काठी गावची राजवाडी होळी तर रात्रभर नाचून पहाटे पेटते. नवस असलेला पोरगा त्याआधी काही दिवस पाळणी, म्हणजे व्रताचे कडक नियम, पाळतो. शहाद्याला एसटी बदलून धडगावला पोचायचं, तिथून पुढे जीप, पुढे पाय. हे सगळं धुलिवंदनाच्या एका सुट्टीत कसं बसवायचं? सोपं आहे, बसवायचंच नाही. दुसऱ्या दिवशी परीक्षा ठेवायची. पाच बाक रिकामे राहिले. पोरं परत आली तर त्यांना सांगितलं, गावात होळी झाल्याचा सरपंचाचा दाखला आणा.

आणि एकाचा बाप तो दाखला घेऊन आला. लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह. सदर गावी होळी झाली हे खरे आहे. मी स्वतः वाचला. दिवस मोडून, भाडं मोडून आलेला तो माणूस ऑफिसच्या दारात चप्पल काढून उभा होता. क्लार्कने कागद उलटसुलट केला आणि म्हणाला, “जावक क्रमांक नाही यावर.”

जावक क्रमांक! होळीला!

आणि कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकची टीम तपासणीला आली तेव्हा? तेव्हा ह्याच पाच पोरांना कुणी दाखला मागितला नव्हता. तेव्हा मोरपिसांचे टोप घाला, कमरेला घुंगरं बांधा, ढोल आणा, गेटवर नाचा. दोन तास उन्हात नाचवलं पोरांना. जिओटॅग लावून फोटो काढले. ‘सांस्कृतिक विविधता’ म्हणून फाईलला लावले, बाजूला टोपी घातलेला एक पोरगा आणि क्रॉस घातलेली एक पोरगी उभी करून सर्वधर्मसमभावाचाही फोटो उरकला. त्यांचा सण तुमच्या फाटकावर चालतो, त्यांच्या गावात चालत नाही?

उपरोध पुरे झाला आता. मला जमत नाही.

अहो, करायचं होतं काय? सत्राच्या सुरुवातीला वर्गात एक कोरा कागद फिरवायचा, ज्याला ज्या दिवशी घरी जायचंय त्याने तारीख लिहायची, आणि इंटर्नलची दुसरी तारीख ठेवायची. पोरगा खेळायला गेला तर ठेवताच ना? इंटर्नल आपल्याच हातात असते, विद्यापीठाकडे बोट दाखवायची सोय नाही. एक दिवस जास्तीचा, सुपरव्हिजनला मी फुकट बसतो. हे मी मीटिंगमध्ये बोललो तर उत्तर मिळालं, “सर, तुम्ही सीएचबीवर आहात ना?” सीएचबी म्हणजे तेच, तासिका तत्त्व. हो, आहे. म्हणून काय मला दिसत नाही?

ती मुलगी पेपर बुडूनही दुसऱ्या दिवशी स्टाफरूमसाठी शिरखुर्मा घेऊन आली. स्टीलचा मोठा डबा, वरून पिस्ते. विभागप्रमुखांनी दोन वाट्या प्यायल्या आणि “अजून आहे का?” म्हणून विचारलं. तिचं नाव यादीत गैरहजर आहे हे त्यांना माहीत होतं, यादीवर सही त्यांचीच.

सर, आधी ती यादी मागे घ्या. सहा पोरांची परीक्षा पुन्हा घ्या. आणि तो डबा धुऊन त्या पोरीला परत करा. पंधरा दिवस झाले, खिडकीत पडलाय, मुंग्या लागल्यात.