तलवार नाकारणारेही होते

ख्रिस्ती माणसाने युद्धात लढावं का, यावरचा आपला लेख आवडला. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या १५२६ च्या पुस्तिकेतून 'सैनिकही तरू शकतो' हे आपण नीट मांडलंत. पण त्यातली दुसरी बाजू सुटली: राजा अन्यायाने लढतोय याची खात्री असेल तर सैनिकाने लढू नये, असंही ल्यूथर तिथेच सांगतो.

आणि अ‍ॅनाबाप्टिस्टांचा (मोठेपणीच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणाऱ्या त्या काळच्या ख्रिस्ती पंथाचा) उल्लेखच नसावा, याचं खरंच वाईट वाटलं. १५२७ च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधल्या श्लाइटहाइमला त्यांनी सात कलमं ठरवली. त्यातलं सहावं तलवारीबद्दल होतं. राज्यकर्त्याने ती वापरावी, ख्रिस्ताच्या अनुयायाने नाही. त्यामागचा मायकेल झाटलर हा पूर्वीचा बेनेडिक्टाइन साधू. तुर्क चालून आले तरी प्रतिकार करू नये, असं त्याने म्हटल्याचा आरोप होता आणि खटल्यात त्याने तो नाकारला नाही. तेव्हा तुर्की सैन्य हंगेरीत घुसून गेलं होतं, म्हणजे हे केवढं धाडस! मे महिन्यात जर्मनीतल्या रॉटेनबुर्गला त्याचे हाल करून त्याला जाळलं. काही दिवसांनी त्याची पत्नी मार्गारेटा हिला नदीत बुडवलं.

तीनच वर्षांनी आउग्सबुर्गच्या कबुलीजबाबात (ल्यूथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात), सोळाव्या कलमात, ख्रिस्ती माणसाने न्याय्य युद्धात लढणं योग्य ठरवलं गेलं. त्याच कलमात अ‍ॅनाबाप्टिस्टांचा नाव घेऊन धिक्कार आहे. पुढच्या भागात यांच्यावर जरूर लिहा.