खांदा बसवला, तरी हात उचलत नाही? तेल चोळत बसू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतोय: ‘निखळलेला खांदा बसवल्यावर हात उचलत नसेल तर तो आखडलाय. एक्स-रे चांगला असेल तर तेल चोळा, दोन-तीन महिन्यांत सुटेल.’ हे चूक आहे, आणि चाळिशीनंतर तर फारच महागात पडतं.

आखडलेला खांदा दुसऱ्याने उचलला तरी अडतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे आलेल्या एका मावशींचा हात मी उचलला तर वर जायचा, सोडला की धपकन खाली. दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरवलेला त्यांना कळत नव्हता. रोटेटर कफचं टेंडन (खांद्याभोवतीच्या स्नायूंना हाडाशी जोडणारा दोर) फाटलं होतं आणि अ‍ॅक्सिलरी नसही (डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा हात उचलणारा स्नायू, चालवणारा मज्जातंतू; रक्तवाहिनी नव्हे) दुखावली होती. दोन्ही एकदम!

एक्स-रेत हाड दिसतं. टेंडन आणि नस दिसत नाही. टेंडनसाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो, नसेसाठी साधारण तीन आठवड्यांनी ईएमजी, म्हणजे स्नायूंतले विजेचे संकेत मोजणारी तपासणी. (त्याआधी केलेली ईएमजी फसवू शकते. स्पर्श कळतो म्हणून नस ठीक, असंही नाही.)

बहुतेक नसा काही महिन्यांत आपोआप सुधारतात. पण नस सुधारेपर्यंत टेंडन ताटकळत ठेवायचं नसतं. फाटलेलं टोक आत ओढलं जातं, स्नायूत चरबी भरते, मग शिवणं अवघड होतं. ऑपरेशन प्रत्येकाला लागतंच असं नाही, पण तो निर्णय ऑर्थोपेडिक सर्जनने पहिल्या काही आठवड्यांत घ्यायला हवा. तीन महिन्यांनीही डेल्टॉइड स्नायू हलत नसेल, तर नसांच्या सर्जनला दाखवा.