एचआयव्हीच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

रविवारी संध्याकाळी ताईकडे गेले तर तिच्या गोळ्यांच्या डबीत मंगळवारपासून पुढचे सगळे कप्पे भरलेलेच. विचारलं तर तिने काही न बोलता फोन पुढे केला. फॉरवर्डमध्ये लिहिलं होतं की एचआयव्हीच्या गोळ्यांनी इम्युनिटी संपते आणि कॅन्सर होतो, काउंट (रक्तातल्या सीडी4 नावाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला असेल तर गोळ्या बंद करा, तसाही एचआयव्हीवाल्यांना कॅन्सर होतोच, तो घरच्यांनाही लागतो, म्हणून आमची पावडर घ्या. इतकी वर्षं एक गोळी न चुकवणारी बाई या चार ओळींनी पाच दिवस थांबली. मला अजून राग आवरत नाहीये.

आधी गोळ्यांचं बघू, कारण जीवावर बेतणारं खोटं तेच आहे. 1981 मध्ये तरुण पुरुषांच्या अंगावर जांभळट चट्टे दिसायला लागले, तो कापोसी सार्कोमा नावाचा कॅन्सर. एचआयव्हीवरचं पहिलं औषध आलं 1987 ला. मग तो कॅन्सर कुठल्या गोळीने झाला? होतं असं की एचआयव्ही सीडी4 पेशी मारतो, आणि त्या कमी झाल्या की आधीपासून अंगात दबून बसलेले दुसरे व्हायरस मोकाट सुटतात. एकामुळे कापोसी, दुसऱ्यामुळे लिम्फोमा म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. गोळ्या एचआयव्हीला दाबतात म्हणून त्या पेशी टिकतात. म्हणजे फॉरवर्डने सगळं उलटं सांगितलंय.

आणि "काउंट चांगला असेल तर बंद करा" याचं उत्तर तर मोजून मिळालेलं आहे. स्टार्ट नावाची चाचणी, निकाल 2015 चा. 4685 माणसं, सगळ्यांचा सीडी4 500 च्या वर, म्हणजे चांगलाच. निम्म्यांना लगेच गोळ्या दिल्या, बाकीच्यांना काउंट 350 पर्यंत उतरेपर्यंत थांबवलं. लगेच सुरू केलेल्यांत कॅन्सर 14 जणांना, थांबलेल्यांत 39. एकटा कापोसी घेतला तर 1 विरुद्ध 11. त्याआधी चालू गोळ्या मधेच बंद करून बघण्याची स्मार्ट नावाची चाचणीही झाली होती, ती 2006 मध्ये मधेच थांबवावी लागली कारण बंद केलेल्यांत आजार आणि मृत्यू अडीच पटीहून जास्त झाले.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. काही जणांना गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत कापोसी अचानक उफाळलेला दिसतो. पण तो आधीच अंगात असतो, जागी झालेली प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते म्हणून सूज येते, आणि डॉक्टर त्यावर उपचार करतात, साधारणपणे एचआयव्हीच्या गोळ्या बंद करत नाहीत. गोळ्यांनी धोका शून्य होतो असंही मी म्हणत नाही, खास करून ज्यांचा काउंट आधी खूप खाली गेला होता किंवा जे सिगारेट ओढतात त्यांचा.

पण "होतोच" हे साफ चूक. एचआयव्ही असलेल्या बायकांना गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा धोका साधारण सहा पट असतो हे खरं, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की त्यांनी 25 व्या वर्षापासून दर 3 ते 5 वर्षांनी एचपीव्हीची टेस्ट करावी, कॅन्सर व्हायच्या आधीचा बदल सापडला की तिथेच काढता येतो. ताईची ही टेस्ट राहिलीये, भीती घालणाऱ्या त्या मेसेजमध्ये या टेस्टचा उल्लेखसुद्धा नाही.

घरच्यांना कॅन्सर लागत नाही. जेवण, कपडे, मिठी, कशानेच नाही. आणि पावडर एचआयव्हीला थांबवत नाही.

ताईने माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन केला. आजची गोळी आजच घ्या, राहिलेल्या पाच एकदम घेऊ नका, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे, ते तपासायला या, असं ते म्हणाले. तिने रविवारचा कप्पा उघडला. एचपीव्हीच्या टेस्टचं मी त्याच फोनवर विचारून घेतलं.