खुलासा : अंध विद्यार्थ्यांना लाखाचा कॉम्प्युटर लागत नाही

नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : अंध विद्यार्थ्याला लाखभराचा खास कॉम्प्युटर लागतो आणि तो मराठी वाचत नाही. दोन्ही चूक.

बर्डीच्या बाजारात मिळणारा साधा विंडोज लॅपटॉप पुरतो. त्यावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, टाकायचा. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध प्रोग्रामरने तो २००६ मध्ये लिहायला घेतला. आजही मोफत आहे. कंट्रोल-ऑल्ट-एन दाबलं की तो बोलू लागतो, वेबपानावर एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर जातो. सोबतच्या ई-स्पीक आवाजात मराठी आहेच. मी रोज त्यावरच काम करते. उच्चार यांत्रिक वाटतो, पण कान सरावतात.

खरी अडचण कृतिदेव फाँटमधल्या नोट्सची. पडद्यावर मराठी दिसतं, फाइलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो, अर्थ काहीच लागत नाही. शिक्षकांनो, कळकळीची विनंती : नोट्स युनिकोडमध्ये द्या, त्यात खरी मराठी अक्षरंच साठवली जातात.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. खर्चाच्या धास्तीने एखादे आईवडील मुलाला कॉम्प्युटर शिकवायचंच टाळतील. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.