म्हैसाळ ओलांडलं की पाटी कोरी?

मिरज-सांगलीच्या गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतोय. ‘चोर म्हैसाळ ओलांडून कर्नाटकातल्या कागवाडात गेला की त्याची पाटी कोरी. तिकडच्या कोर्टाला तो नवखा वाटतो, थोडक्यात सुटतो. म्हणून सराईतांना तडीपार करा आणि बाहेरून आलेल्या पालवाल्यांची (तंबूत राहणाऱ्या भटक्यांची) यादी गावोगावी लावा.’ मी इथे फौजदारी वकिली करते. हे वाचून गप्प बसवत नाही.

पाटी कोरी होत नाही. सीसीटीएनएस या पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या देशव्यापी संगणक यंत्रणेवरची गुन्ह्याची नोंद दुसऱ्या राज्यातल्या ठाण्यालाही पाहता येते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या नॅफिस या बोटांच्या ठशांच्या राष्ट्रीय यंत्रणेत अटक झालेल्या माणसाच्या ठशांना देशभर चालणारा १० अंकी क्रमांक मिळतो. नाव बदललं तरी ठसे तेच. कायद्यालाही जिल्ह्याची वेस नाही. चोरीत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली किमान १ वर्ष सक्तमजुरी आहे, ५ वर्षांपर्यंतही जाते. पहिली शिक्षा कर्नाटकातल्या अथणीत लागली की आपल्या विट्यात, हे तिथे विचारलेलं नाही.

मग ‘थोडक्यात सुटतो’ हे आलं कुठून? यात तथ्य आहे, पण दोष वेशीचा नाही. संगणकावर दिसणारी नोंद म्हणजे पुरावा नव्हे. आधीची शिक्षा शाबीत करावी लागते. त्यासाठी त्या कोर्टाची प्रमाणित नक्कल, तुरुंगाधिकाऱ्याचा सही केलेला दाखला किंवा तुरुंगात पाठवल्याचं वॉरंट लागतं, शिवाय तेव्हाचा आरोपी तो हाच, याचा पुरावाही. वाढीव शिक्षा मागायची तर दोषारोपातच आधीच्या शिक्षेची तारीख आणि ठिकाण लिहावं लागतं. राहून गेलं तर शिक्षा सुनावण्याआधी कधीही घालता येतं. इतकी मुभा असूनही नक्कल येत नाही, कारण ती आणायला अथणीला माणूस पाठवावा लागतो, कन्नडमध्ये असेल तर भाषांतर करून घ्यावं लागतं, आणि तपासी अंमलदार तोवर पुढच्या बंदोबस्तात गुंतलेला असतो. राग यायचा तर तो या न आलेल्या कागदावर यावा. आणखी एक, ‘सात गुन्हे दाखल’ म्हणजे सात शिक्षा नव्हेत. सातही खटल्यांत निर्दोष सुटलेला माणूस कायद्याने नवखाच.

उलट, गावोगाव फिरणाऱ्याला शिक्षा जास्त भोगावी लागू शकते. एका खटल्याची शिक्षा भोगत असताना दुसरीकडे शिक्षा लागली, तर ती पहिली संपल्यावर सुरू होते. दोन्ही एकत्र भोगायच्या तर कोर्टाने तसा हुकूम द्यावा लागतो. जामिनातही तेच. आधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ४७९ ने त्याला सोडायचं असतं (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून). मात्र एकाहून जास्त खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. जत, तासगाव आणि कऱ्हाडला एकेक खटला पडून असलेला माणूस म्हणूनच आत राहतो.

तडीपारी ही शिक्षा नाही, प्रतिबंध आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली ती जास्तीत जास्त २ वर्षांची, आणि हा हुकूम महाराष्ट्रापुरताच चालतो. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, सातारा बंद झालेला माणूस अथणीत उघडपणे खोली घेऊ शकतो. वेस ओलांडण्याची तक्रार करणाऱ्यांनीच त्याला वेस ओलांडायला लावायचं, हा उपाय मला पटत नाही.

राहिली पालांची यादी. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमांतूनही हा डाग पुसायला सांगितला. तोच आपण चावडीवर पुन्हा चिकटवायचा?

वेस खरी आडवी येते ती जामीनदार आणताना. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचा जामीनदार दंडाधिकाऱ्याने नाकारला होता, कारण त्या जामीनदार भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात होती. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं. तरीही बीडहून ऊसतोडीला आलेल्या मजुराला ‘इथला सातबारा असलेला जामीनदार आणा’ असं सांगितलेलं मी ऐकलंय. जामीन मंजूर झालेला असतो, टोळी पुढच्या फडावर गेलेली असते आणि हा अजून आतच असतो.