गोदाघाटावरच्या फोटोबद्दलच्या तक्रारीला स्टुडिओचं उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार बघून वाईट वाटलं, पण तुम्ही तक्रार मुद्देसूद लिहिली आहे, म्हणून मीही मुद्द्याचंच बोलतो. तुमचं म्हणणं असं: आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी गोदाघाटावर काढलेला घरच्यांचा फोटो १२ बाय २४ इंचांच्या फ्रेममध्ये बसवायचा होता. आम्ही दोन दिवस लावले, एडिटिंगचे वेगळे पैसे घेतले आणि तरीही दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच पांढरी पट्टी सोडली. दुसऱ्या दुकानात तोच फोटो दहा मिनिटांत काठोकाठ बसला, आणि यूट्यूबवर तर हे एका क्लिकचं काम दाखवतात. दोन्ही प्रिंटचे फोटो तुम्ही सोबत टाकलेत, ते बरं केलंत. इथे वाचणाऱ्यांनाही ताडून बघता येईल.

त्या दुसऱ्या प्रिंटमध्ये चेहऱ्यांकडे बघू नका. आपल्या माणसांचे चेहरे आपल्याला कसेही असले तरी ओळखीचेच वाटतात. गोल वस्तू शोधा. काकांच्या मनगटावरच्या घड्याळाची तबकडी, आईंच्या कपाळावरचं कुंकू, धाकट्याच्या हातातला चेंडू. तिन्ही आडवे लंबगोल झालेत. तुमचा मोबाइलचा फोटो ४:३ आकाराचा, म्हणजे १२ इंच उंचीला त्याची रुंदी १६ इंच. ती २४ करायची तर फोटोतलं सगळंच दीडपट रुंद होणार, आणि तिथे तेच झालंय. वडिलांचे खांदेसुद्धा दीडपट. पन्नासाव्या वाढदिवसाला एवढं वजन कुणी भेट देऊ नये!

न ताणता काठोकाठ बसवायचा सरळ मार्ग म्हणजे क्रॉप. रुंदी पूर्ण ठेवून २:१ आकार काढला तर उंचीचा तिसरा हिस्सा जातो. तुमच्याकडची मुलं पुढे पायऱ्यांवर बसलेली, मोठी माणसं मागे उभी. वरून कापलं तर डोकी जातात, खालून कापलं तर नातवंडं. हे काउंटरवर स्क्रीनवर दाखवलं, तेव्हा तुम्हीच नको म्हणालात, आणि ते योग्यच होतं.

आता त्या ‘एका क्लिक’बद्दल. फोटोशॉपमध्ये कॉन्टेंट-अवेअर स्केल नावाची सोय आहे. अविदान आणि शामीर या दोन संशोधकांनी ही पद्धत २००७ साली मांडली आणि फोटोशॉपच्या सीएस४ आवृत्तीत, २००८ मध्ये, तशी सोय आली. सगळा फोटो सारखा ताणण्याऐवजी सॉफ्टवेअर वरपासून खालपर्यंत एक-एक पिक्सेल रुंदीची नागमोडी वाट शोधतं. जिथे रंग आणि उजेड फारसा बदलत नाही, तिथून ती वाट जाते. फोटो अरुंद करायचा असेल तर अशा वाटा काढून टाकायच्या, रुंद करायचा असेल तर त्यांच्या शेजारी नव्या घालायच्या. आभाळ, पाणी, मोकळी भिंत असली की काम सुंदर होतं. यूट्यूबवरच्या व्हिडिओत बहुतेक वेळा मोकळ्या किनाऱ्यावर एकटा माणूस उभा असतो, म्हणून तिथे एक क्लिक पुरतो.

घाटावर मात्र नेमकं उलटं आहे. पायऱ्या, पाण्यावरच्या लाटा, मागची देवळं, गर्दी, सगळं बारीक नक्षीचं. सॉफ्टवेअरला त्यातल्या त्यात मोकळी जागा कुठली वाटते? गाल, कपाळं आणि साध्या रंगाचे कुडते. म्हणजे सोडून दिलं तर ते आधी माणसांनाच रुंद करणार. त्वचेचे रंग वाचवायचं बटण त्यात आहे, पण ते रंगावर चालतं. तुमच्या फोटोत पायऱ्यांवर संध्याकाळचं पिवळं ऊन होतं, त्यालाही ते त्वचा समजलं. म्हणून प्रत्येक माणसाभोवती हाताने मास्क आखला, म्हणजे ‘एवढ्याला हात लावू नको’ असं सॉफ्टवेअरला सांगणारी हद्द. केस, पदराची कड, मुलांच्या मधल्या फटी हे सगळं ब्रशने करावं लागतं. बिलावर ‘एडिटिंग’ म्हणून लिहिलेले पैसे याचेच आहेत, आणि ते कामाला हात लावण्याआधी सांगितले होते.

मास्क झाल्यावर नदीची बाजू आणि आभाळ वाढवत रुंदी १६ वरून २० इंचांपर्यंत आणली. माणसं जशीच्या तशी राहिली. घड्याळाची तबकडी आमच्या प्रिंटमध्ये गोलच आहे, बघून घ्या. वीसच्या पुढे पायऱ्यांच्या सरळ रेषा लचकायला लागल्या आणि मागच्या शिखराची एक बाजू फुगली. आभाळ थोडं खोटं झालं तर कुणाला कळत नाही, पण घाटाची पायरी वाकडी झाली की नाशिकचा माणूस लगेच बोट ठेवतो. तिथे आम्ही थांबलो आणि उरलेले चार इंच दोन बाजूंना वाटून माउंट, म्हणजे ती पांढरी पट्टी, दिली.

पट्टी चारी बाजूंनी सारखी का नाही, असंही तुम्ही विचारलंय. चारी बाजूंना एक-एक इंच सोडला तर आतली जागा १० बाय २२ उरते. ती मूळ फ्रेमपेक्षाही जास्त लांबुळकी, म्हणजे फोटो आणखी ओढावा लागला असता.

एआयने रिकामी बाजू भरून घेता आली असती, हेही खरं. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये ती सोय आहे आणि आम्ही वापरतो, पण बाळाच्या फोटोमागचा पडदा वाढवायला वगैरे. ओळखीच्या जागेवर ती न विचारता वापरत नाही. रामकुंडाच्या काठी कधीच नसलेलं एखादं देऊळ उभं राहायचं आणि ते तुमच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं लटकायचं, हे मला पटत नाही. कुणाला चालत असेल तर करून देऊ, तो ज्याचा त्याचा प्रश्न.

राहिले दोन दिवस. पहिल्यांदा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला तो १६०० बाय १२०० पिक्सेलचा. १२ इंच उंचीला इंचामागे जेमतेम १०० पिक्सेल पडतात. हातात धरून बघायच्या प्रिंटला आम्ही ३०० च्या आसपास धरतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, असा मेसेज तासाभरात केला होता. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, ४००० बाय ३००० ची. तिच्यावर इंचाला २५० पिक्सेल मिळाले. काम त्याच रात्री झालं.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांना एकच विनंती: फ्रेम आधी घेऊन मग फोटो शोधू नका. मोबाइलच्या ४:३ फोटोला १२ बाय १६ किंवा १८ बाय २४ ची फ्रेम बिनकटकट बसते. डीएसएलआरचा फोटो बहुधा ३:२ चा, त्याला १२ बाय १८. १२ बाय २४ हवीच असेल तर फोटो काढतानाच चार पावलं मागे जाऊन दोन्ही बाजूंना पाणी आणि आभाळ सोडा.

ताई, तुमची मास्क केलेली फाइल आमच्याकडे ठेवलेली आहे. पट्टी नकोच असेल तर पूर्ण २४ इंच करून आधी स्क्रीनवर दाखवतो. पायऱ्या आणि शिखर बघा, चालत असेल तर प्रिंटचा फक्त कागदाचा खर्च द्या, एडिटिंगचे पैसे पुन्हा घेणार नाही. किंवा तीच प्रिंट १२ बाय २० च्या फ्रेममध्ये लावून घ्या, पट्टीचा प्रश्नच राहणार नाही. ही फ्रेम बाजारात तयार मिळणं अवघड, पण आमचा फ्रेमवाला मापाने करून देतो. दुपारी एक ते चार सोडून कधीही या, आणि येताना ती दुसरी प्रिंटही आणा, दोन्ही शेजारी ठेवून बघू.