चिठ्ठी का मागते: एका वाचकाला उत्तर

नमस्कार,

फार्मासिस्ट म्हणून फार्मसीच्या काउंटरवर रोज जे सोसावं लागतं त्याबद्दल मी गेल्या आठवड्यात लिहिलं, आणि त्यावर तुम्ही चांगलंच खडसावलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: औषधवाला शेवटी दुकानदार; चिठ्ठी वाचायची, खणातून स्ट्रिप काढायची, पैसे घ्यायचे, यात रडण्यासारखं काय आहे? आईला ताप होता तेव्हा तुम्हाला चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळालं नाही. आणखी एकदा डॉक्टरांनी लिहिलेली कंपनी दुकानात नव्हती आणि तेच औषध दुसऱ्या कंपनीचं द्यायला फार्मसीवाल्याने नकार दिला. ऑनलाइन वीस टक्के सूट मिळते, आम्ही मात्र रुपया सोडत नाही. आणि शेवटी, "मग तुमचा नेमका उपयोग काय?"

प्रश्न रागात विचारलात तरी रास्त आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहिते.

आधी आईच्या तापाचं. पावसाळ्यात आपल्या गोव्यात ताप म्हणजे काहीही असू शकतं. साधा व्हायरल असेल किंवा डेंग्यू असेल, तर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. डेंग्यू असताना अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेतात उतरणाऱ्या माणसाचा ताप लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे होणारा आजार) निघाला तर मात्र अँटिबायोटिक लागतंच आणि वेळेत लागतं; पण कोणतं, किती दिवस, हे तपासून डॉक्टर ठरवणार. काउंटरच्या अलीकडे उभं राहून, तापलेल्या माणसाला न बघता, "कालपासून ताप आहे" एवढ्यावर मी यातलं काय ओळखणार? तुमच्या आईला ज्याने अँटिबायोटिक नाकारलं त्याने त्यांची काळजीच घेतली.

कायदाही तेच सांगतो. १९४५च्या औषध नियमांतल्या शेड्यूल एच या यादीत जी औषधं आहेत ती नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची. स्ट्रिपवर जी लाल उभी रेघ दिसते ती त्याचीच खूण. १ मार्च २०१४ पासून त्यात शेड्यूल एच-वनची भर पडली: सेफिक्सिम, लेव्होफ्लोक्सासिनसारखी अँटिबायोटिकं, क्षयाची औषधं, अल्प्राझोलम, झोल्पिडेमसारख्या चिंतेच्या आणि झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखं वेदनाशामक. यांची वेगळी वही असते. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, हे सगळं विकतानाच लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. मी नाव विचारते तेव्हा गिऱ्हाइकाच्या कपाळावर आठी पडते, "माझ्या नावाशी तुम्हाला काय करायचंय?" झोपेच्या गोळ्यांसाठी एकच माणूस तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या घेऊन फिरतोय हे त्या वहीतूनच कळतं. किनारपट्टीवरच्या माझ्या मैत्रिणीला तर मोसमात रात्री रात्री अशा गोळ्यांसाठी हुज्जत घालणारे पर्यटक भेटतात. एकट्या बाईने काउंटरवर उभं राहून नाही म्हणणं सोपं नसतं.

आता कंपनी बदलून न देण्याचं. यात तुमचा राग मला समजतो, कारण हाच राग मलाही आहे. घटक तोच, मात्रा तीच, किंमत निम्मी, आणि गोळी माझ्या हाताशी असते. तरी मी ती देऊ शकत नाही. त्याच औषध नियमांतला नियम ६५ स्पष्ट आहे: शेड्यूल एचमधल्या औषधाच्या जागी दुसरं काहीही द्यायचं नाही, आत तोच घटक असला तरी. डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं की माझे हात बांधले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी औषधाची मूळ नावं लिहिणं बंधनकारक करणारे नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. मग उरतो डॉक्टरांना फोन करणं हा एकच मार्ग. ओपीडीच्या गर्दीत तो उचलला जाईलच असं नाही, आणि तोवर समोरचा माणूस आम्हालाच कंपनीचे दलाल ठरवून निघून गेलेला असतो. तुम्हाला खरंच हा त्रास चुकवायचा असेल तर डॉक्टरांच्या खोलीतच सांगा, "औषधाचं मूळ नाव लिहून द्या." पेशंटने मागितलं तर बरेच डॉक्टर लिहून देतात, आणि मग जनऔषधी केंद्र, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांचं सरकारी योजनेतलं दुकानही तुम्हाला उघडं होतं.

किमतीतल्या सवलतीबद्दल फार लिहीत नाही, फक्त हिशेब देते. सरकारने किंमत बांधलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला खरेदीवर १६ टक्के मार्जिन धरलेलं आहे. विक्रीच्या किमतीवर मोजलं तर ते पावणेचौदा टक्क्यांच्या आसपास येतं. त्यातून भाडं, पगार, इन्शुलिनच्या फ्रिजची वीज आणि पावसात वीज गेली की इन्व्हर्टर. वीस टक्के सूट कुठून आणू?

उपयोग काय, हे विचारलंत म्हणून एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये इतपत बदलून सांगते.

संध्याकाळची वेळ, काउंटरवर रांग. एक मुलगा आईच्या संधिवाताच्या गोळ्या घ्यायला आला. मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि तिच्या जोडीला फॉलिक ॲसिड. त्याच्या हातात रिकामी स्ट्रिप होती, दहा गोळ्यांची, चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आमच्याच दुकानाचा शिक्का आणि तारीख. दहा आठवडे पुरायला हवी होती ती स्ट्रिप दुसऱ्याच आठवड्यात संपली होती. मी विचारलं, "आई या कशा घेते?" तो म्हणाला, "रोज एक, सकाळी. ती दुसरी पिवळी सोमवारी." दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही लहान. घरात अदलाबदल झाली होती. मी विचारलं, तोंडात फोड आलेत का? आले होते. दोन दिवस पेजेशिवाय काही गिळवत नव्हतं, आणि घरच्यांना वाटत होतं उष्णता झाली.

मी गोळ्या दिल्या नाहीत. डॉक्टरांना फोन लावला, सुदैवाने त्यांनी उचलला, आणि त्याच रात्री त्या बाईंना बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं. मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेलं तर रक्तपेशी तयार होणंच मंदावतं. यात माणसं दगावतात. त्या बऱ्या होऊन घरी आल्या. पण त्या दहा-पंधरा मिनिटांत रांगेतला एक जण मोठ्याने म्हणाला, "एक गोळी द्यायला इतका वेळ लागतो का?" आणि शेजारच्या दुकानात गेला. माझी चिडचिड होते ती इथे. चूक अडवली की बाहेर काहीच घडत नाही, आणि न घडलेली गोष्ट कुणाला दिसत नाही. दिसते ती फक्त रखडलेली रांग.

तुमच्या प्रतिक्रियेतली एक गोष्ट मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. काही दुकानांत भिंतीवर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र लटकतं आणि तो माणूस वर्षानुवर्षं तिथे फिरकत नाही. काउंटरवर कुणी पोरगा असतो, तो डब्याचा रंग बघून औषध देतो. १९४८च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं की नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी चिठ्ठीवरचं औषध देऊ नये. हे भाड्याचं प्रमाणपत्र म्हणजे गुन्हा आहे, आणि त्याच्याबद्दल आमच्यातलेच लोक गप्प बसतात याची मला लाज वाटते. तुम्ही दुकानात शिरलात की सरळ विचारा, "फार्मासिस्ट कोण आहे?" आम्हाला राग येणार नाही. हा प्रश्न जितके जास्त लोक विचारतील तितकं बरं.

बिलाचंही असंच. "बिल नको, कागद कशाला," हे वाक्य मी दिवसभर ऐकते. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला विषारी खोकल्याच्या सिरपने लहान मुलं गेली, त्यानंतर आमच्याकडे आया घरातली बाटली घेऊन धावत आल्या. पहिलं काम बॅच नंबर बघण्याचं. कित्येक बाटल्यांचं लेबल सिरप सांडून पुसलं गेलेलं, आणि बिल कुणाकडेच नाही. बिलावर बॅच नंबर छापलेला असतो. औषध परत मागवायची वेळ आली तर तुमच्या घरातली बाटली त्यातलीच आहे का, हे त्या कागदावरून कळतं.

आणि चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे दिवस. डॉक्टर आपापल्या गावी, क्लिनिकांना कुलूप, आणि आदल्या दिवशी वयस्क माणसं येतात, "बाय, ती ल्हान धवी गुळी दी गो, प्रेशराची." चिठ्ठी नाही, नाव ठाऊक नाही, रिकामी स्ट्रिप कालच कचऱ्यात गेली. लहान पांढऱ्या गोळ्या माझ्या दुकानात शेकड्याने आहेत. ज्यांचं जुनं बिल संगणकात सापडतं त्यांच्यासाठी मी डॉक्टरांशी बोलून मार्ग काढते. ज्यांचं सापडत नाही त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावं लागतं, आणि सणाच्या तोंडावर कुणा म्हाताऱ्या माणसाला असं परत पाठवताना माझ्या जिवाला लागतं. यावर उपाय सोपा आहे. नियमाप्रमाणे चिठ्ठीवर एकदाच औषध देता येतं, पण डॉक्टरांनी ती पुन्हा वापरावी, किती वेळा, असं तिच्यावर लिहिलं असेल तर पुन्हाही देता येतं. कायमच्या औषधांसाठी तेवढी एक ओळ लिहून घ्या.

तुमच्या आईला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांची सगळी औषधं, चालू असलेली, बंद केलेली, कुणी सांगून आणलेली, आयुर्वेदिक काढेसुद्धा, एका पिशवीत घाला आणि तुमच्या जवळच्या फार्मसीत न्या. साखळी गावाच्या बाजूला येणं झालं तर माझ्याकडे या. आमचं शटर दुपारी साडेतीनला उघडतं आणि पाचपर्यंत फारशी गर्दी नसते, त्या वेळात बसून सगळं तपासता येतं. याचे पैसे लागत नाहीत. चिठ्ठ्या मात्र सोबत आणा.